आयत्या बिळावर नागोबा: मार देल प्लाताच्या कड्यातल्या बोगद्यांचं प्रकरण

विहीर खणताना कधीकधी पिवळ्या मातीच्या उभ्या भिंतीत काळ्या मातीचा गोल डाग लागतो. वीतभर, फार तर हातभर. खणणारा माणूस त्याच्याकडे बघतो, "जुनं बीळ आहे, बुजलेलं" म्हणतो आणि पहार पुढे चालवतो. त्याचं बरोबर असतं. कुठल्यातरी प्राण्याने बीळ केलं, ते ओस पडलं, वरची काळी माती पावसाबरोबर आत उतरली आणि बीळ भरून गेलं. अशा भरलेल्या बिळांना मृदाशास्त्रात क्रोटोविना म्हणतात. शब्द रशियन आहे. 'क्रोत' म्हणजे जमिनीखाली माती उकरत जगणारा मोल. भूजलाच्या कामात मी असे डाग पुष्कळ पाहिले. ते कुणाचे, हे विचारायचं मात्र बरीच वर्षं सुचलं नाही. घूस असेल, साळिंदर असेल, खोकड असेल.

अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहराजवळच्या समुद्रकड्यांत हाच डाग माणसाच्या उंचीचा आहे. तिथे 'कुणाचं बीळ' हा प्रश्न टाळताच येत नाही. आज जमीन खणून लांब बोगद्यात राहणारा एवढा मोठा प्राणी पृथ्वीवर कुठेच नाही.

हा प्रश्न कसा सोडवला गेला, कुठे पक्का झाला आणि कुठे अजून मोकळा आहे, ते इथे सविस्तर मांडतो. माझ्या मते या सगळ्यातली कळीची गोष्ट एकच आहे आणि ती आपल्या म्हणीत आधीपासून आहे: आयत्या बिळावर नागोबा. बिळात जो सापडतो त्याच्यावर पहिला संशय जातो, आणि बहुतेक वेळा तिथेच फसगत होते.

जागा आणि माती

मार देल प्लाता हे ब्यूनस आयर्स प्रांतातलं समुद्रकाठचं शहर. तिथून दक्षिणेला मिरामारच्या दिशेने किनाऱ्याला लागून मातीचे उभे कडे आहेत. दगडाचे नव्हेत, मातीचेच. अँडीजच्या बाजूने वाऱ्याबरोबर आलेला बारीक गाळ आणि त्यात मिसळलेली ज्वालामुखीची राख लाखो वर्षं या सपाट पंपास प्रदेशावर बसत गेली. या गाळाला लोएस म्हणतात. हाताला तो मैद्यासारखा लागतो, पण उभा कापला तर भिंतीसारखा उभा राहतो. बोगदा खणायला याहून चांगली माती मिळणं कठीण. नखाने निघते, छप्पर धरून ठेवते.

हा गाळ एका दमात साचलेला नाही. मधे मधे वारा थांबायचा, पाऊस वाढायचा, वर गवत उगवायचं, मुळं खाली जायची आणि वरच्या थराची खरीखुरी जमीन तयार व्हायची. पुन्हा धुळीचे दिवस आले की ती जमीन गाडली जायची. शेणाने पुन्हा पुन्हा सारवलेली ओसरी कडेला फुटली तर सारवणाचे पदर दिसतात, तसे या कड्यांत जुन्या जमिनींचे पदर दिसतात. प्रत्येक पदर रंगावरून, मुळांच्या वाटांवरून, चिकणमातीच्या लेपावरून आणि चुन्याच्या खड्यांवरून ओळखू येतो. चुन्याचा थर फार कडक झाला की तिथले लोक त्याला 'तोस्का' म्हणतात. आपल्याकडे काळ्या मातीखाली चुनखडीचा थर लागतो आणि विहिरीचं काम अडतं, त्याच जातीची गोष्ट.

पुढच्या तपासाला हे पदर फार उपयोगी पडतात. बोगदा ज्या जुन्या जमिनीला भेदून जातो त्या जमिनीपेक्षा तो नवा असणार, आणि त्याच्या तोंडावरून जो थर अखंड गेला आहे त्याच्यापेक्षा तो जुना. हे साधं तर्कशास्त्र आहे, पण त्यामुळे बोगद्याचा काळ दोन बाजूंनी बांधला जातो आणि त्या काळात नसलेले सगळे संशयित आपोआप बाहेर पडतात. अडचण एवढीच की कितीतरी ठिकाणी बोगद्याचं तोंडच उरलेलं नाही. ज्या जमिनीवरून प्राणी आत शिरला ती धुऊन गेलेली असते आणि हाती राहतो फक्त मधला तुकडा.

काय सापडलं

या भागातल्या मोठ्या बोगद्यांवर मार्सेलो सारते, सुसाना बार्गो, सेर्जिओ विस्काइनो, आलेहांद्रो दोंदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एकदा आणि २००१ मध्ये अधिक नेमकेपणाने लिहिलं. बोगद्यांची रुंदी साधारण ०.८ मीटरपासून १.८ मीटरपर्यंत. लांबी काही ठिकाणी ४० मीटरपर्यंत. काही गाळाने गच्च भरलेले, तर काही अजून पोकळ, इतके की माणूस वाकून आत जाऊ शकतो. काळ प्लायोसीनच्या शेवटापासून प्लाइस्टोसीनपर्यंतचा, म्हणजे मोठे हिमकाळ येत-जात होते तो.

१.८ मीटर आणि ४० मीटर हे आकडे नुसते वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून मी आपल्या मापात हिशेब मांडला. पूर्ण ४० मीटर एकाच रुंदीचा गोल बोगदा धरला तर सुमारे १०२ घनमीटर माती निघते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे जवळपास ३६ ब्रास माती. घराचं बांधकाम काढलेल्या कुणालाही ३६ ब्रास म्हणजे किती खेपा हे सांगावं लागणार नाही. हा वरच्या टोकाचा हिशेब आहे, सगळे बोगदे एवढे नाहीत. पण इतकी माती नखांनी उकरून, मागे ढकलून, बाहेर काढलेली आहे.

भरलेल्या बोगद्याचा छेद जवळून बघण्यासारखा असतो. तळाशी पाण्याबरोबर आलेल्या गाळाचे पातळ, आडवे थर, वहीच्या पानांसारखे. त्यात मधेच छपरातून कोसळलेली ढेकळं, आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची. त्यावर पुन्हा पातळ थर. शेवटी वरच्या बाजूला, छपराला लागून, जरा वेगळ्या पोताची माती, अगदी उशिरा शिरलेली. हा छेद सांगतो की बोगदा काही काळ उघडा होता, त्यात पावसाचं पाणी येऊन साचत होतं, छप्पर अधूनमधून ढासळत होतं, आणि तो भरायला बराच अवधी गेला. त्या अवधीत आत कोण कोण येऊन गेलं असेल, हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. त्याकडे येतोच.

पाणी आणि माणूस

आधी सोपे पर्याय निकालात काढू.

लोएसमध्ये पाणी स्वतः बोगदे पाडतं, हे खरं आहे. पावसाचं पाणी भेगेतून शिरतं आणि बारीक गाळ वाहून नेत आतून पोकळी करतं. पण पाणी उताराचं गुलाम असतं. ते खाली जातं; वर चढून, वळून, पुन्हा खाली उतरत नाही. त्याने केलेली पोकळी एका मापाची राहत नाही, खाली घळीसारखी निमुळती होते. या बोगद्यांचा छेद गोल किंवा आडवा लंबगोल आहे आणि लांब अंतरापर्यंत जवळपास तेवढाच राहतो. शिवाय पाण्याला नखं नसतात, आणि इथे भिंतींवर नखांच्या खुणा आहेत.

माणसाचा संशय दक्षिण अमेरिकेत अनेक ठिकाणी घेतला गेला, विशेषतः ब्राझीलमध्ये. आदिवासींनी खणलेली भुयारं, जेझुइट पाद्र्यांनी लपायला किंवा धन पुरायला केलेले रस्ते, अशा गोष्टी तिथे पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. आपल्याकडेही गावोगाव एखादं भुयार 'थेट किल्ल्यावर निघतं', त्याच मनाच्या या गोष्टी. त्यांना मी हसणार नाही. अंधारातल्या एवढ्या मोठ्या, गुळगुळीत, वळणावळणाच्या वाटेला माणसाखेरीज दुसरा कर्ता सुचणं सोपं नव्हतं. पण माणूस स्वतःसाठी खणतो तेव्हा उभं राहता यावं म्हणून उंच खणतो, आणि भिंतीवर हत्यारांचे घाव राहतात. इथे बोगदा रुंद आणि बुटका आहे, चार पायांवर चालणाऱ्या भरदार अंगाच्या मापाचा. आणि मार देल प्लाताच्या बाबतीत थरांचं वय माणूस या खंडात पोचण्याच्या कितीतरी आधीचं असल्यामुळे त्यातल्या जुन्या बोगद्यांपुरता हा प्रश्न उरतच नाही.

आत सापडला तो मालक नव्हे

आता खरी गुंतागुंत.

ब्यूनस आयर्स प्रांतातल्या अशाच एका प्राचीन बोगद्यात अस्वलांचे अवशेष मिळाले. लिओपोल्दो सोइबेल्सोन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आर्क्टोथेरियम अँगुस्टिडेन्स नावाचं हे आखूड तोंडाचं महाकाय अस्वल. या जातीच्या एका मोठ्या नराचं वजन हाडांवरून १६०० किलोच्या आसपास काढलेलं आहे. त्या बोगद्यात एक नव्हे, तीन अस्वलं एकत्र होती. एवढं बघून कुणीही म्हणेल, मिळाला खणणारा! मोठा प्राणी, मोठं बीळ, आणि प्राणी बिळातच.

पण अस्वलं आत होती यावरून एवढंच कळतं की अस्वलं आत होती. ती तिथे राहत असतील, थंडीत किंवा पिलांसाठी आसऱ्याला आली असतील. बोगदा त्यांनी खणला, हे हाडं सांगत नाहीत. आजची अस्वलंही गुहा खणतात, पण ती आखूड असते, अंग मावेल एवढी. चाळीस मीटर लांब बोगदा हा त्यांचा स्वभाव नाही. आणि बिळाबाबतीत प्राणी आपल्या माणसांपेक्षा वेगळे वागत नाहीत. रिकामं घर फार दिवस रिकामं राहत नाही. वारूळ वाळवी बांधते आणि नाग राहतो. आफ्रिकेत आर्डव्हार्क खणतो आणि त्याच्या सोडलेल्या बिळात रानडुकराच्या जातीचा वॉर्टहॉग राहतो. साळिंदराच्या जुन्या बिळातून कोल्हं बाहेर पडलं, ही गोष्ट आपल्याकडे रानात हिंडणारे लोक सहज सांगतात.

याच चुकीचा एक गाजलेला नमुना अमेरिकेतल्या नेब्रास्कात आहे, आणि तो इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथे दोन कोटी वर्षांहून जुन्या थरांत माणसाहून उंच, उभे, मळसूत्री खांब मिळतात. प्रचंड आकाराचा स्क्रू जमिनीत पिळून बसवावा तसे. रँचवरचे लोक त्यांना सैतानाचा स्क्रू म्हणत. अर्विन बार्बर यांनी १८९० च्या दशकात त्यांना डेमोनेलिक्स नाव दिलं आणि ते आधी पाण्यातले स्पंज, मग वनस्पती असल्याचं मत मांडलं. १८९३ मध्येच एडवर्ड कोप आणि थिओडोर फुक्स यांनी वेगवेगळं सांगितलं की ही कुरतडणाऱ्या प्राण्याची बिळं आहेत. खांबांच्या तळाशी पॅलिओकॅस्टर या छोट्या, जमिनीवर राहणाऱ्या बीव्हरचे सांगाडे मिळत होते. पण दुसऱ्या एका मळसूत्रात झोडिओलेस्टिस नावाचा मांसाहारीही मिळाला. मग मालक कोण? बीव्हर, की त्याला खाणारा? हाडांवर हा वाद मिटणार नव्हता. १९७७ मध्ये लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी बिळाच्या भिंतीवरचे ओरखडे तपासले. बरेच ओरखडे नखांचे नसून पुढच्या दातांचे होते, रुंद आणि सपाट, आणि ते पॅलिओकॅस्टरच्या कृंतक दातांशी जुळले. बीव्हरने दातांनी माती तासत बीळ खणलं होतं. झोडिओलेस्टिस नागोबा होता.

म्हणजे साक्ष जमिनीवर पडलेल्या हाडांची नव्हे, भिंतीची घ्यायची. जमिनीवर कुणीही येऊन मरू शकतं. भिंतीवरचा ओरखडा बोगद्याच्या घडणीतच बसलेला असतो.

मार देल प्लाताजवळच्याच चापाडमालाल भागातल्या कड्यांमध्ये याच्या उलटही एक दाखला आहे, तोही लक्षात ठेवायला हवा. तिथे अॅक्टेनोमिस नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्याची छोटी बिळं मिळतात आणि त्यांत त्या प्राण्याचेच सांगाडे असतात. एकदा नाही, अनेक ठिकाणी, तोच प्राणी, तेच माप. तिथे रहिवासी आणि खणणारा एकच, असं मानायला जागा आहे. म्हणजे हाडांना काही किंमतच नाही असं मी म्हणत नाही. एका बिळातल्या एका सांगाड्यावर निकाल देऊ नये, एवढंच.

भिंत आणि हात

मार देल प्लाताच्या मोठ्या बोगद्यांच्या भिंतींवर आणि छपरावर लांब, समांतर खोबणी आहेत. दोन-दोन, कधी तीन. ओल्या भिंतीवर मुलाने बोटं ओढावीत तशी, फक्त कितीतरी मोठी. लोएस बारीक असल्यामुळे आणि खणताना आत थोडी ओल असल्यामुळे खूण नीट उमटली. पुढे आत गाळ भरला आणि ती झाकली गेली. गाळ काढला की ती पुन्हा उघडी होते, आणि तिचा साचा घेता येतो.

आता त्या काळात, त्या प्रदेशात, एवढ्या मापाचे आणि नखांचे प्राणी कोण होते? यादी फार लांब नाही. एका बाजूला महाकाय आर्माडिलो, म्हणजे अंगावर हाडांचं कवच असलेले, माती उकरणारे प्राणी, आणि त्यांचे नातेवाईक: पॅम्पाथेरियम, यूटाटस, प्रोप्राओपस. दुसऱ्या बाजूला जमिनीवरचे स्लॉथ, म्हणजे आज झाडावर उलटे लटकणाऱ्या आळशी प्राण्याचे अवाढव्य भाऊबंद. त्यातले मायलोडॉन्ट कुळातले दोन इथे महत्त्वाचे, स्केलिडोथेरियम आणि ग्लॉसोथेरियम. पहिल्याचं वजन सुमारे १ टन, दुसऱ्याचं दीड टनाच्या पुढे-मागे. चार्ल्स डार्विन यांनी १८३२-३३ मध्ये याच प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर, पुंता आल्ताला, जी हाडं गोळा केली त्यांत स्केलिडोथेरियमचा जवळपास सलग सांगाडा होता. नाव नंतर रिचर्ड ओवेन यांनी दिलं.

हाताची गोष्ट इथे सुरू होते. बार्गो, विस्काइनो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या स्लॉथांच्या हातापायांच्या हाडांची मापं काढली. त्यातलं एक माप समजायला अगदी सोपं आहे. आपल्या कोपरामागे हाडाचं जे टोक हाताला लागतं, त्याला हात सरळ करणारा स्नायू बांधलेला असतो. कोपर हा टेकू, आणि हे टोक म्हणजे पहारेची जोर लावायची बाजू. टोक जितकं लांब, तितका नखाशी मिळणारा जोर जास्त, मात्र हात हळू फिरतो. धावणाऱ्या प्राण्यांत हे टोक आखूड असतं, खणणाऱ्यांत लांब. उरलेल्या हाडाशी त्याचं प्रमाण काढलं की प्राणी धावणारा की खणणारा, याचा बराच अंदाज येतो. स्केलिडोथेरियम आणि ग्लॉसोथेरियम दोघेही या मापात खणणाऱ्यांच्या बाजूला आले. हाडांची जाडीही एवढा ताण सहन करणारी निघाली.

आपल्या कोकणात खवल्या मांजर हाच व्यवसाय करतं. ते स्लॉथचं नातेवाईक नाही, पण काम तेच असल्यामुळे हात तसाच झाला: आखूड, दणकट, मधल्या बोटांची नखं लांब. मायलोडॉन्ट स्लॉथांच्या पंजातही मधली बोटंच जड आणि मोठ्या नखांची. कडेची बोटं लहान. भिंतीवर पाच नव्हे, दोन-तीन खोबणी दिसतात ते त्यामुळे. ही नखं जमिनीवर घासून बोथट होऊ नयेत म्हणून हे प्राणी चालताना पाऊल कडेवर टेकत, नखं आतल्या बाजूला वळवून. नखं चालण्यासाठी नव्हतीच, ती हत्यारं होती आणि ती जपली जात होती.

मेगाथेरियमचं नाव सगळ्यांना आधी आठवतं, कारण तो सगळ्यात मोठा, ४ टनांच्या घरातला. पण तो इथे बसत नाही. त्याचं अंगच १.८ मीटरच्या बोगद्यात खणायच्या पवित्र्यात मावणारं नाही आणि त्याच्या हाताची घडणही या कामाची नाही. एका परीने हे बरं झालं. केवळ मोठं बीळ म्हणून सगळ्यात मोठ्या प्राण्याच्या नावावर टाकून प्रकरण मिटवलं असतं, तर तेही नागोबाच्याच जातीचं उत्तर ठरलं असतं.

२००१ च्या लेखातला निष्कर्ष असा: मोठ्या रुंदीचे बोगदे मायलोडॉन्ट स्लॉथांचे असणं सर्वांत संभवनीय, आणि लहान रुंदीच्या बोगद्यांसाठी मोठे आर्माडिलो हेही संशयित. माझं स्वतःचं वाचन असं की 'स्लॉथ' हा भाग भक्कम आहे. माप, खुणा आणि हाताचं बळ हे तीन पुरावे वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच प्राण्यावर थांबतात. 'कुठला स्लॉथ' हा भाग मात्र तेवढा भक्कम नाही. दोन जातींच्या अंगाच्या मापात फार अंतर नाही, आणि एकाच बोगद्यात पिढ्यापिढ्यांनी वेगवेगळ्या जातींनी हात चालवला नसेल असं कोण म्हणेल? मधल्या मापाच्या, साधारण मीटर-सव्वा मीटरच्या बोगद्यांवर तर मी कुणाचंच नाव लिहिणार नाही.

ब्राझीलने घातलेली भर

दक्षिण ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्रीच्या विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ हाइन्रिख फ्रांक यांना नोवो हाम्बुर्गो शहरात बांधकामासाठी कापलेल्या उतारावर एक भोक दिसलं. ते आत सरपटत गेले आणि छपरावर ओरखडे बघून चक्रावले. त्यानंतर त्यांच्या गटाने एकट्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात १५०० हून अधिक असे बोगदे नोंदवले. तिथे त्यांना 'पालेओतोका' म्हणतात, म्हणजे प्राचीन बीळ. बरेचसे मऊ लोएसमध्ये नव्हे, झिजून मऊ झालेल्या खडकांत खणलेले आहेत.

अॅमेझॉनच्या बाजूला, रोंडोनिया राज्यात, ब्राझीलच्या भूगर्भ सर्वेक्षणातले अमिल्कार आदामी यांनी २०१० मध्ये अशाच एका 'गुहे'ची वार्ता ऐकून ती पाहिली, आणि २०१५ मध्ये पुन्हा जाऊन नीट मोजली. सगळ्या फाट्यांसह लांबी जवळपास ६०० मीटर. बाहेर काढलेल्या मातीचा अंदाज ४००० टन.

या आकड्याने माझी एक समजूत मोडली. तोपर्यंत मी बोगदा म्हणजे एका प्राण्याचं घर असं धरून चाललो होतो. ६०० मीटर हे एका प्राण्याचं काम असू शकत नाही. अनेक पिढ्यांनी, कदाचित एकापेक्षा जास्त जातींनी, वापरत आणि वाढवत नेलेलं हे काम असणार. वाड्याला दर पिढीने एक पडवी जोडावी तसं. मग 'कुणी खणलं' या प्रश्नाचं उत्तर एकाच नावात मिळेल, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

ब्राझीलच्या या बिळांत हाडं जवळपास मिळत नाहीत, आणि त्यामुळे तिथल्या लोकांना भिंतीवरच अवलंबून राहावं लागलं. त्याचा एक चांगला परिणाम झाला. २०१७ मध्ये रेनातो लोपेस, फ्रांक आणि सहकाऱ्यांनी या बिळांना स्वतंत्र शास्त्रीय नाव दिलं: मेगाइक्नस. लहान प्रकार मेगाइक्नस मायनर, मोठा मेगाइक्नस मेजर. हे नाव प्राण्याचं नाही, खुणेचं आहे. बिळाला बिळाचं नाव, प्राण्याला प्राण्याचं. दोघांची गाठ बांधायची तर पुराव्याने, आणि उद्या ती सुटली तरी बिळाचं नाव राहील. खुणांचा अभ्यास करणाऱ्यांची ही जुनी पद्धत आहे आणि मला ती फार आवडते. एखाद्या सातबाऱ्यावर जमिनीचं वर्णन पक्कं लिहावं आणि मालकाचा रकाना पेन्सिलीने भरावा, तसं.

हे प्राणी खणत कशासाठी होते, यावर मतं पुष्कळ आहेत: थंडी-उन्हापासून आसरा, दुष्काळात ओल, तलवारदंती मार्जार आणि अस्वलांपासून पिलांचा बचाव. एक टनाच्या प्राण्याला भक्षकाची भीती कमी असते, त्याच्या पिलाला नसते असं नाही. यापैकी कुठल्याही एका कारणाला मार देल प्लाताच्या भिंती अजून दुजोरा देत नाहीत. हे स्लॉथ साधारण १० ते १२ हजार वर्षांपूर्वी संपले, त्यामुळे बघून शिकायची सोय नाही.

पुढे काय बघायला हवं

मार देल प्लाताचे कडे समुद्र खात असतो. मोठ्या लाटांनंतर कड्याचा एखादा भाग कोसळतो. त्याबरोबर जुना बोगदा जातो आणि आत नवा उघडा पडतो. उघडा पडलेला छेद पाऊस-वारा लागताच बोथट होऊ लागतो, आणि ओरखडे सगळ्यांत आधी जातात. म्हणून तिथे काम करणाऱ्याला लागलीच मापं घ्यावी लागतात, फोटो काढावे लागतात, साचा घ्यावा लागतो. विहिरीच्या भिंतीसारखंच, आज जे दिसतं ते उद्या बांधकामाच्या आड जातं.

मला विचारलं तर बोगद्याच्या बाजूच्या भिंतींपेक्षा त्याचं शेवटचं टोक जास्त मोलाचं. बाजूच्या भिंतींना येणारा-जाणारा प्रत्येक जण अंग घासतो. वापराने त्या गुळगुळीत होतात, जुन्या खुणा पुसल्या जातात, नव्या रहिवाशाच्या नखांच्या खुणा वर चढतात. बोगदा जिथे संपतो ती बंद भिंत वेगळी. तिथून पुढे वाट नाही, त्यामुळे तिच्याशी घासत जायचं कुणाला काही कारण नसतं. तिच्यावर समोरून, पूर्ण जोर लावून मारलेले ओरखडे असतील तर ते खणणाऱ्याचेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. अस्वल आलं असेल, झोपलं असेल, पिलं वाढवली असतील. त्या भिंतीत त्याचं काही काम नव्हतं. जिथे असं टोक गाळाखाली शाबूत असेल, तिथे गाळ ब्रशने, बोटाने, हळूहळू काढत शेवटच्या वीतभर मातीपर्यंत जावं, आणि खोबणी उघडी पडली की पंजाचं हाड शेजारी धरून बघावं.

गेल्या पावसाळ्याआधी एका विहिरीच्या कामावर असाच काळा डाग लागला, साधारण वीतभर रुंद. पहार थांबवायला सांगितली आणि डागाच्या कडेची काळी माती बोटाने खरवडून काढली. पिवळ्या भिंतीवर बारीक, एकमेकांना लागून चार ओरखडे होते. खणणाऱ्या दादांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "घूस. साळिंदराचे एवढे बारीक नसतात."